झाडू कुणाचा, जोखीम कुणाची?

सौदी अरेबिया म्हटलं की आपल्याकडे चार गोष्टी डोळ्यांसमोर येतात: तेल, वाळवंट, हज आणि कडक कायदे. इथे राहायला आल्यावर पाचवी गोष्ट दिसते आणि ती सगळीकडे दिसते. सफाई कामगार. विमानतळावर, मॉलमध्ये, इस्पितळात, हमरस्त्याच्या कडेला, अगदी कुठेही. एका रंगाचा गणवेश, पाठीवर कंपनीचं नाव, हातात झाडू किंवा मॉप. माणूस बहुधा बांगलादेशी, नेपाळी, नाहीतर आपल्याकडचा. पाठीवरचं कंपनीचं नाव सगळे वाचतात, त्याचं स्वतःचं नाव सहसा कुणी विचारत नाही.

या माणसाला कामावर काही इजा झाली तर जबाबदार कोण? ज्याची इमारत आहे तो, ज्याने कंत्राट घेतलं आहे तो, की ज्याने त्याला मुंबईहून किंवा काठमांडूहून पाठवलं तो? प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर शोधताना मी बराच मागे गेलो. इतका मागे की तेल सापडण्याच्याही आधी पोचलो. आज तीच गोष्ट सांगायची आहे.

सुरुवात इटलीपासून. मोडेना गावात बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाचा वैद्य होता. त्याच्या घरचा मैलाखड्डा उपसायला एक कामगार आला होता आणि तो फार घाईघाईने काम करत होता. रामाझ्झिनीने त्याला घाईचं कारण विचारलं. त्या माणसाचं म्हणणं असं की चार तासांहून जास्त वेळ आत राहिलं तर डोळे जातात. रामाझ्झिनीने त्याचे डोळे तपासले, ते लालभडक होते. मग त्याने याच कामातले इतर लोक शोधले. अनेकांची दृष्टी अधू झालेली, काही तर आंधळे होऊन भीक मागत असलेले. त्याला या विषयाने धरलं ते कायमचं. १७०० साली त्याचं कामगारांच्या रोगांवरचं पुस्तक आलं. आज आपण ज्याला 'ऑक्युपेशनल मेडिसिन' म्हणतो त्या शास्त्राचा पाया हे पुस्तक. डॉक्टरने रोग्याला विचारायच्या प्रश्नांत 'तुमचा धंदा कोणता?' हा प्रश्न त्यानेच घातला. म्हणजे एका सफाई कामगाराच्या डोळ्यांपासून हे अख्खं शास्त्र सुरू झालं.

दुसरी गोष्ट लंडनची. धुरांडी साफ करायला तिथे लहान मुलं वापरत. अरुंद धुरांड्यात मोठा माणूस मावत नाही, म्हणून पाच-सहा वर्षांची पोरं वर चढवायची. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने दाखवून दिलं की या मुलांना पुढे होणारा अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग काजळीमुळे होतो. एखाद्या धंद्याचा आणि कर्करोगाचा संबंध वैद्यकाने असा दाखवण्याची ही पहिली वेळ. आणि तो धंदा पुन्हा सफाईचाच. १७८८ साली कायदा झाला की आठ वर्षांखालचं मूल कामाला लावू नये. कुणी पाळला नाही. १८३४ आणि १८४० साली पुन्हा कायदे झाले, तेही कागदावर राहिले. शेवटी १८७५ साली धुरांडी साफ करणाऱ्यांना पोलिसांकडून परवाना घेणं सक्तीचं झालं, तेव्हा कुठे हा प्रकार थांबला. पॉटच्या निष्कर्षापासून मोजली तर बरोबर शंभर वर्षं.

यातला एक धागा इंजिनियर म्हणून मला फार महत्त्वाचा वाटतो. १८९२ साली बटलिन नावाच्या सर्जनने शोध घेतला की हा कर्करोग इंग्लंडमध्येच जास्त का, युरोपातल्या इतर देशांत का नाही. उत्तर साधं निघालं. तिथले कामगार अंगाबरोबर बसणारे बंद कपडे घालत आणि काम झाल्यावर आंघोळ करत. काजळी तीच, धुरांडी साधारण तीच. फरक कपड्यांचा आणि पाण्याचा. जे माणसाचं नशीब समजलं जात होतं ते खरं तर अंगावरचे कपडे आणि बादलीभर पाणी यांवर अवलंबून होतं. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: कपडे आणि पाणी पुरवायचं कुणी?

* * *

आता आपल्या मुंबईत या. जुन्या मुंबईत मैला वाहणाऱ्यांना 'हलालखोर' म्हणत. 'हलाल' अरबी आणि 'खोर' फारसी, म्हणजे हलालीचं, कष्टाचं खाणारा. अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत लिहिलं आहे की हे नाव अकबराने रूढ केलं. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात तर 'हलालखोर कर' नावाचा करच होता. नागरिकाने कर भरायचा आणि पालिकेने माणसं लावून मैला उचलायचा. पालिकेची सेवा आणि तिच्यासाठी स्वतंत्र कर, अशी ही चोख व्यवस्था होती. पण मैला उचलणाऱ्याच्या प्रकृतीची जबाबदारी त्या करात धरलेली नव्हती.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. सरकारने रोग्यांना जबरदस्तीने इस्पितळात हलवायला सुरुवात केली, लोक बिथरले, शहर सोडून पळू लागले. त्या वेळी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांना सगळ्यात मोठी धास्ती होती ती हलालखोर आणि झाडूवाले निघून जाण्याची. ते गेले तर शहर काही दिवसांत राहण्यालायक उरणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि सक्तीचे नियम सैल करण्यामागे हेही एक मोठं कारण होतं. गिरणी मालक नव्हे, व्यापारी नव्हे, तर शहर ज्यांच्यावर उभं होतं ते हे लोक. संकट आलं की हे कळतं. पुढे १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी म्युनिसिपल कामगार संघ काढला तो याच लोकांसाठी. १९४९ साली मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला बर्वे समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहणं बंद करा, साधनं द्या अशा तिच्या शिफारशी होत्या. त्या शिफारशींचं पुढे काय झालं हे आपल्या पिढीला वेगळं सांगायला नको.

* * *

आता सौदीकडे येऊ. दम्मामच्या सातव्या विहिरीला मार्च १९३८ मध्ये भरपूर तेल लागलं आणि या देशाचं नशीब पालटलं. तेल काढणारी कंपनी अमेरिकन, तिचं नाव १९४४ साली आरामको झालं. कंपनीची वसाहत धहरानला होती आणि तिच्यात सरळ सरळ पायऱ्या होत्या. अमेरिकनांसाठी झाडं लावलेल्या रस्त्यांची, वातानुकूलित घरांची वस्ती, मधल्या दर्जाच्या परदेशी कर्मचाऱ्यांसाठी वेगळी, आणि सौदी मजुरांसाठी बराकी आणि झावळ्यांच्या झोपड्या. चाळीसच्या दशकात आरामकोने मुंबईतूनही कारागीर आणि कारकून भरती केले. आपला माणूस १९७३ नंतर आखातात गेला असं आपण समजतो, ते तितकंसं खरं नाही. १९४५, १९५३ आणि १९५६ साली आरामकोत संप झाले. पगार, घरं, पाणी, वागणूक हे त्यातले मुद्दे होते. १९५६ नंतर संपावर कायद्यानेच बंदी आली. हे लक्षात ठेवा, कारण युरोपात आणि मुंबईत सुरक्षेचे नियम पुढे ढकलायला कामगार संघटना होत्या. इथे ते काम फक्त राजाज्ञेने व्हायचं होतं.

आणि राजाज्ञा आल्या नाहीत असं मुळीच नाही. १९४७ साली कामगारविषयक नियम आले. १९६२ साली गुलामगिरी कायद्याने रद्द झाली. ही तारीख वाचून मी थबकलो होतो. आपल्याकडे गोवा मुक्त होऊन एक वर्ष झालं होतं, इतकी अलीकडची ही गोष्ट. १९६९ साली नवा कामगार कायदा आला आणि त्याच वर्षी सामाजिक विम्याचा कायदाही आला.

मग १९७३ चं तेल संकट. पिंपाचा भाव काही महिन्यांत सुमारे तीन डॉलरवरून बाराच्या आसपास गेला. रियाध फुगायला लागलं. रस्ते, विमानतळ, विद्यापीठं, इस्पितळं एकदम उभी राहू लागली आणि त्यासोबत कचराही. तो उचलायला पालिकेकडे ना माणसं होती ना अनुभव. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात रियाध शहराच्या सफाईचं कंत्राट अमेरिकेतल्या वेस्ट मॅनेजमेंट आणि ब्रिटनमधल्या प्रिचर्ड या दोन कंपन्यांनी स्थानिक भागीदारासोबत मिळून घेतलं. यंत्रं आली, कचरागाड्या आल्या, परदेशातून कामगार आले, त्यांच्यासाठी शहराबाहेर वस्ती बांधली गेली. एका राजधानीची अख्खी सफाई एका विदेशी कंपनीकडे, ही त्या काळात मोठी नवलाची गोष्ट होती.

माझ्या मते इथल्या सफाईच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं वळण. कारण हाच नमुना पुढे सगळीकडे रुजला. सरकारी कचेरी स्वतः झाडू मारत नाही, इस्पितळ मारत नाही, विद्यापीठही नाही. 'देखभाल आणि सफाई' अशी निविदा निघते, कंपनी ती घेते, कामगार कंपनीचा. जागा एकाची, काम दुसऱ्याचं, माणूस तिसऱ्या देशाचा. आणि कफाला पद्धतीमुळे त्या माणसाचा देशातला मुक्कामही त्याच कंपनीच्या हातात.

* * *

सध्याचा कामगार कायदा २००५ सालचा. त्यात नंतर बऱ्याच दुरुस्त्या झाल्या आहेत, पण सुरक्षेची कलमं वाचण्यासारखी आहेत. मी ती इंग्रजी भाषांतरातून वाचली. सोप्या मराठीत अशी:

कलम १२२: कामातले धोके, रोग आणि यंत्रं यांपासून कामगाराचं रक्षण करणं ही मालकाची जबाबदारी. सुरक्षेच्या सूचना ठळक जागी लावायच्या, अरबीत, आणि गरज असेल तर कामगाराला समजेल अशा दुसऱ्या भाषेतही. आणि या सगळ्याचा खर्च कामगाराच्या पगारातून कापायचा नाही.

कलम १२३: काम सुरू करण्याआधी त्यातले धोके कामगाराला सांगायचे, हातमोजे, मुखवटा वगैरे साधनं द्यायची आणि ती वापरायला शिकवायचं.

कलम १२४: दिलेली साधनं वापरणं आणि सांभाळणं ही कामगाराची जबाबदारी.

कलम १३३: कामावर इजा झाली किंवा कामामुळे रोग जडला तर उपचाराचा सगळा खर्च मालकाचा.

कलम १३८: कायमचं पूर्ण अपंगत्व आलं किंवा मृत्यू झाला तर तीन वर्षांच्या पगाराइतकी भरपाई, आणि ती ५४,००० रियालपेक्षा कमी नाही.

याखेरीज सामाजिक विमा आहे, ज्याला इथे सगळे 'गोसी' म्हणतात. परदेशी कामगाराला त्यात पेन्शन नाही, पण कामावरच्या इजेचा विमा आहे, आणि त्याचा पगाराच्या २ टक्के हप्ता पूर्णपणे मालकाने भरायचा असतो. विमा असेल तर भरपाई त्यातून मिळते.

प्रामाणिकपणे सांगायचं तर कागदावर हा कायदा बरा आहे. सूचना कामगाराच्या भाषेत हव्यात हे कलमात लिहिलेलं आहे. आपल्याकडे मुंबईतल्या किती इमारतींत सफाईच्या रसायनांवरची सूचना कामगाराला वाचता येईल अशा भाषेत असते? एक मोठी भगदाड मात्र आहे. घरकाम करणारे या कायद्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी २०१३ साली वेगळे नियम झाले, नंतर ते सुधारलेही. पण एकच फरशी एकाच रसायनाने पुसणाऱ्या दोघांपैकी कचेरीतला माणूस कामगार कायद्यात आणि घरातली बाई दुसऱ्याच नियमांत, हा भेद कायम आहे.

* * *

सफाईत धोका तो काय, असं अनेकांना वाटतं. तेव्हा थोडं तांत्रिक बोलू.

पहिला धोका रसायनांचा. इथे ब्लीचला सगळे सरसकट 'क्लोरॉक्स' म्हणतात, जसं आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा. संडासाचं ॲसिड आणि हे ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेला काच पुसायचा द्रव आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरामाईन. बंद न्हाणीघरात दोन्ही फुप्फुसाला घातक. कामगाराला वाटतं दोन जालीम औषधं मिसळली की दुप्पट सफाई होईल. हे त्याला कुणी सांगितलं नसेल तर तो त्याचा दोष कसा? २००३ पासून संयुक्त राष्ट्रांची चित्रखुणांची पद्धत आहे. लाल चौकटीत कवटी, हातावर सांडणारं ॲसिड वगैरे. पण चित्रही शिकवावं लागतं.

मी डॉक्टरेट करत असताना युरोपातल्या एका प्रयोगशाळेत पाहिलेली गोष्ट सांगतो. आत पाऊल ठेवण्याआधी आम्हा संशोधकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण, परीक्षा, चष्मा, कोट. प्रत्येक बाटलीचा माहितीकागद फाईलमध्ये. संध्याकाळी मात्र कंत्राटी सफाईवाली बाई यायची आणि पातळ घरगुती हातमोजे घालून आमच्या सगळ्यांच्या कचरापेट्या रिकाम्या करायची. तिच्यासाठी त्या फाईलमध्ये एकही पान नव्हतं, कारण ती 'आमची' नव्हती. म्हणजे हा काही फक्त वाळवंटातला आजार नाही.

दुसरा धोका बंद जागांचा. इथल्या घरांना जमिनीखाली पाण्याची टाकी असते. जिथे सांडपाण्याच्या वाहिन्या नाहीत तिथे मैलाटाकीही असते, तिला 'बयारा' म्हणतात. जेद्दाहमध्ये तर वर्षानुवर्षं टँकर हा मैला उपसून शहराच्या पूर्वेला एका तळ्यात ओतत. त्या तळ्याचं नाव काय, तर 'मिस्क', म्हणजे कस्तुरी! २५ नोव्हेंबर २००९ च्या पुरात शंभराहून जास्त माणसं गेली, तेव्हा हे तळं फुटतं की काय या भीतीने शहर हादरलं होतं. २०१० साली ते आटवलं गेलं. अशा टाक्यांत हायड्रोजन सल्फाईड साचतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी राहतो. थोडा असला की सडक्या अंड्यांचा वास येतो. पण १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं वायू गेला. ५०० च्या पुढे गेला की तो काही मिनिटांत कोसळतो आणि हजाराच्या आसपास एक-दोन श्वासांत. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याला काढायला तिसरा. बातमीत 'तिघांचा मृत्यू' असं येतं त्यामागे हे गणित असतं. उपाय महाग नाही. वायूमापक, पंखा, कमरेला दोर, वर एक माणूस. त्याहून चांगला उपाय म्हणजे माणूस उतरवायचाच नाही, यंत्राने उपसायचं.

तिसरा धोका उन्हाचा. सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उघड्यावर काम करायला बंदी आहे. चांगला नियम, पण तो घड्याळावर चालतो. शरीराला घड्याळ कळत नाही, त्याला कळतं ते तापमान, दमटपणा आणि ऊन मिळून. त्यासाठी डब्ल्यूबीजीटी नावाचा निर्देशांक आहे. उन्हात मोजताना त्यात ओल्या फडक्याच्या तापमापकाला ७० टक्के वजन, काळ्या गोळ्याच्या तापमापकाला २० टक्के आणि साध्या तापमापकाला फक्त १० टक्के. म्हणजे घाम सुकतो की नाही यावर सगळं. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर संध्याकाळी सातलाही घाम सुकत नाही. शेजारच्या कतारने २०२१ साली नियम केला की हा निर्देशांक ३२.१ च्या वर गेला की वेळ कोणतीही असो, उघड्यावरचं काम बंद. तो मला जास्त शास्त्रीय वाटतो. जून २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५१ अंशांच्या पुढे गेला आणि १,३०० हून जास्त यात्रेकरू दगावले. लाखो लोक येतात तिथे त्यांच्यामागे झाडणारे हजारो हातही त्याच उन्हात असतात, हे त्या बातम्यांत फारसं आलं नाही.

* * *

आता मूळ प्रश्नाकडे. जबाबदार कोण?

ब्रिटनमधला एक खटला इथे फार उपयोगी आहे. असोसिएटेड ऑक्टेल नावाच्या रसायन कारखान्यात १९९० साली वार्षिक बंदच्या काळात एका टाकीची दुरुस्ती चालली होती. कंत्राटदाराचा माणूस टाकीत उतरून ॲसिटोनने पृष्ठभाग साफ करत होता. ॲसिटोन एका उघड्या जुन्या बादलीत होतं. दिव्याचा बल्ब फुटला, भडका उडाला, माणूस वाईट भाजला. कारखान्याचं म्हणणं, तो आमचा कामगार नाही, काम कसं करायचं ते कंत्राटदाराने बघायचं. खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. १९९६ साली निकाल लागला: तुमच्या कारखान्याची साफसफाई आणि दुरुस्ती हा तुमच्याच धंद्याचा भाग आहे, तो चालवताना बाहेरच्या माणसालाही धोका होऊ न देणं ही तुमचीच जबाबदारी. काम कंत्राटावर देता येतं, जबाबदारी देता येत नाही.

सौदी कायद्यातही याची बीजं आहेत. कलम ११ म्हणतं की मूळ मालकाने आपलं नेहमीचं काम कंत्राटदाराला दिलं तर कंत्राटदाराने आपल्या कामगारांना मूळ मालकाच्या कामगारांसारखेच हक्क द्यायचे. कलम १२६ म्हणतं की जागेवर आलेल्या बाहेरच्या माणसाला अपघात झाला तरी मालक जबाबदार. मग अडतं कुठे? अडतं निविदेत. सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला काम. कामगारांची संख्या करारात ठरलेली, गणवेश दिसतो म्हणून तोही द्यावा लागतो. मग काटछाट होते ती न दिसणाऱ्या गोष्टींत. हातमोज्यांची जाडी, मुखवट्याची चाळणी, प्रशिक्षणाचा दिवस. आणि वरून पैसे यायचे थांबले तर सगळंच कोसळतं. २०१६ साली तेलाचे भाव पडल्यावर सरकारी कामांची बिलं अडकली, सौदी ओजरसारखी मोठी कंपनी बुडीत गेली आणि जेद्दाहच्या छावण्यांत हजारो भारतीय कामगार पगाराविना अडकले. भारतीय दूतावासाला तिथे धान्य वाटावं लागलं, मंत्र्यांना धाव घ्यावी लागली. ज्याला महिनोन्‌महिने पगारच नाही तो हातमोजे कुणाकडे मागणार?

तेव्हापासून फरक पडला नाही असं नाही. पगार बँकेतूनच देण्याची पद्धत २०१३ पासून टप्प्याटप्प्याने आली. मार्च २०२१ पासून, वर्षभर काम केल्यावर मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलायची मुभा मिळाली (घरकामगार सोडून). माझ्या मते सुरक्षेच्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी सुधारणा. ज्याला काम सोडून जाता येतं, त्याचं 'मी या टाकीत उतरणार नाही' हे म्हणणं ऐकलं जातं.

तरी मानसिकता हळूच बदलते. मार्च २०२० मध्ये, करोनाच्या सुरुवातीला, आरामकोच्या कचेरीतलं एक छायाचित्र जगभर फिरलं. एका परदेशी कामगाराला सॅनिटायझरच्या बाटलीचा वेष चढवून उभं केलं होतं, येणाराजाणारा त्याच्याकडून हात स्वच्छ करून घेत होता. टीका झाल्यावर कंपनीने नाराजी जाहीर करून तो प्रकार बंद केला. साथीपासून सगळ्यांना वाचवायचं म्हणून केलेल्या त्या व्यवस्थेत ज्याच्याजवळ प्रत्येक जण येत होता त्या माणसाचा विचारच नव्हता.

* * *

हे वाचून 'अरबांचं असंच' असं म्हणणाऱ्यांसाठी घरचा आरसा. मुंबई महापालिकेचे कचरा उचलणारे कंत्राटी कामगार वर्षानुवर्षं कागदोपत्री 'कामगार' नव्हतेच, तर संस्थांचे 'स्वयंसेवक' होते आणि त्यांना मिळायचं ते 'मानधन'. कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढा दिला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० जणांना कायम करण्याचा मार्ग मोकळा केला. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका खाजगी सोसायटीची मैलाटाकी साफ करताना तिघे गेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या. सोसायटी कंत्राटदाराकडे बोट दाखवणार, सरकार सोसायटीकडे. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की आधी सरकारने प्रत्येकी १० लाख द्यावेत आणि मग जबाबदार असेल त्याच्याकडून वसूल करावेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारमृत्यूची भरपाई ३० लाख केली. निकाल उत्तमच, पण प्रत्येक निकालाआधी कुणीतरी गेलेलं आहे.

आता थोडं कामाचं. गावाकडून मला अधूनमधून फोन येतात: 'अमक्याच्या मुलाला सौदीचा क्लीनरचा व्हिसा मिळतोय, पाठवू का?' मी 'नको' म्हणत नाही. कर्ज फेडायचं असतं, बहिणीचं लग्न असतं, मला ते ठाऊक आहे. मी एवढंच सांगतो: एजंट ई-मायग्रेटवर नोंदलेला आहे का ते बघ. प्रवासी भारतीय बिमा योजनेचा कागद घे, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व यांना १० लाखांचं संरक्षण आहे, आणि त्याची एक प्रत घरी ठेव. भरती, इकामा आणि वर्क परमिटचा खर्च सौदी कायद्याप्रमाणे मालकाचा आहे, तो तुझ्याकडून कुणी मागत असेल तर विचार. इथे आल्यावर किवा या सरकारी पोर्टलवर आपला करार बघ, गोसीत नाव आहे का ते विचार. इजा झाली तर त्याच दिवशी इस्पितळात 'कामावर झाली' असं लिहून घे, नंतर कुणी मान्य करत नाही. आणि वास येईनासा झाला म्हणून टाकी सुरक्षित समजू नकोस.

जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा मूलभूत हक्क म्हणून मान्य केला. रामाझ्झिनीच्या पुस्तकानंतर ३२२ वर्षांनी. वेग बघता घाई झाली असं कुणी म्हणणार नाही. असो. तुमच्या सोसायटीची टाकी पुढच्या महिन्यात साफ करायची असेल, तर कंत्राटदाराला दर विचाराल तेव्हा एक प्रश्न आणखी विचारा: वायूमापक आहे का? 'नाही' म्हणाला, तर दुसरा कंत्राटदार बघा. चार पैसे जास्त जातील, ते सोसायटीने द्यावेत.